सतरा नंबरचं घरटं

न्हाव्यानं दोन्ही गालांना फेस फासून वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि नेमका त्याच क्षणी खुर्चीतल्या माणसाच्या खिशात फोन थरथरला. अंगावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चादर, हात चादरीच्या आत, मान मागे टाकलेली. फोन दोनदा थरथरला आणि गप्प झाला. "घ्या की, मी थांबतो," न्हावी म्हणाला. "राहू दे, असेल कुणाचा तरी," तो म्हणाला, पण म्हणताना त्याच्या मानेची शीर उडायला लागली असावी, कारण न्हाव्यानं वस्तरा जरा लांब धरला. कुणाचा तरी म्हणजे कुणाचा, हे तो तिथल्या तिथं हिशेब करून सांगू शकला असता. मुलाचा असता तर वाजत राहिला असता. गॅसवाला परवाच येऊन गेला. बँकेचे संदेश सकाळी येतात. उरलं कोण? उरली फक्त ती किनाऱ्यावरची माणसं, आणि त्यांच्याकडून काही कळू नये म्हणून तर तो गेले अठरा दिवस देव पाण्यात घालून बसला होता. अर्धी दाढी झाल्यावर त्याला राहवलं नाही. चादरीतून हात काढून त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला. 'काका, सतरा नंबर अजून वर आलं नाही. साठ दिवस झाले. परवा चार वाजता उघडतोय. तुम्ही पुरलंय, तुम्हीच काढायचं. नक्की या. ताई.' आरशात एक गाल गुळगुळीत आणि एक पांढरा असा माणूस बसला होता. "वाईट बातमी आहे का हो?" न्हाव्यानं आवाज खाली आणत विचारलं. "नाही, कासवाचं आहे," तो म्हणाला. न्हाव्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकलं असेल, पण हे ऐकलं नव्हतं. त्यानं दुसरा गाल करायला घेतला.

घरी येऊन त्यानं कुलूप उघडलं, चपला जागेवर ठेवल्या, आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिला. दोन खोल्यांच्या घरात एकच भांडं, एकच ताट, एकच पेला ओट्यावर निथळत होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचं आयुष्य एरवी नाकासमोर चाललेलं. एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात काढली. दुकानोदुकानी जाऊन तराजू बघायचे, वजनं बघायची, ठीक असतील तर शिक्का, नसतील तर जप्ती. पाच ग्रॅमच्या खोटेपणासाठी त्यानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. बाजारात त्याचं नावच 'पाच ग्रॅम' पडलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तो दिसला की कुणीतरी आतल्या दुकानांना हाळी द्यायचं, "पाच ग्रॅम आला रे!" त्याला ते ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बायको म्हणायची, तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी एकेक शब्द तोलून घ्यावा लागतो बाई. मुलाचा फोन यायचा तो तिलाच. मुलगा दूर देशात, तिकडे रात्र तेव्हा इकडे सकाळ. दर रविवारी मायलेकरं तासभर बोलायची, हसायची, कुणाकुणाच्या नकला करायची. तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून सगळं ऐकायचा. शेवटी ती म्हणायची, "थांब हं, बाबांशी बोल," आणि फोन त्याच्या हातात द्यायची. मग तो विचारायचा, थंडी आहे का तिकडे? मुलगा सांगायचा, आहे. संपलं बोलणं. ती गेल्यावर फोन हातात द्यायलाच कुणी उरलं नाही. आपण होऊन फोन करणं त्याला जमलं नाही. मुलगा कामात असेल, झोपला असेल, आणि उचलला तर थंडी आहे का विचारून झाल्यावर पुढे काय बोलायचं?

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत घर त्याला खायला उठलं. एका सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची सूचना दिसली. समुद्रकासवांच्या घरट्यांची देखरेख, दोन महिन्यांची उमेदवारी, राहण्याजेवणाची सोय, वयाची अट नाही. त्यानं फोन केला. पलीकडून एक तरुण बाई बोलत होती. "काका, रोज सकाळी सात किलोमीटर वाळूत चालावं लागतं." "चालेन." "अक्षर कसं आहे?" "अक्षर उत्तम आहे." "मग या," ती म्हणाली. एवढ्या झटपट त्याला आयुष्यात कुणीच 'या' म्हटलं नव्हतं. ही ताई. वय तिशीच्या आत, उन्हानं रापलेली, आवाज खडा. सगळे तिला ताई म्हणायचे म्हणून तोही म्हणायला लागला. बाकी उमेदवार म्हणजे कॉलेजची दोन पोरं, एक उंच मुलगा आणि एक चष्मेवाली. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला बघून एकमेकांकडे पाहिलं, ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण आठवडाभरात चष्मेवाली त्याला ओरडून सांगू लागली, "काका, टोपी! परत विसरलात ना?" कुणीतरी आपल्यावर ओरडतंय, यानं त्याला इतकं बरं वाटायचं की एक-दोनदा तो मुद्दाम टोपी विसरला.

काम साधं होतं आणि त्याच्या स्वभावाचं होतं. पहाटे उजाडता उजाडता किनाऱ्यावर फेरी मारायची. रात्रीतून मादी वर आली असेल तर वाळूत तिच्या रांगण्याचा पट्टा दिसतो, येतानाचा एक आणि जातानाचा एक. पट्टा जिथं वळतो तिथं काठीनं हलकेच चाचपायचं, वाळू भुसभुशीत लागली की हातानं उकरायचं. अंडी मिळाली की एकेक उचलून बादलीत ठेवायचं, जशी होती तशीच, माथा वरच ठेवून. मुक्कामाजवळच्या कुंपणाच्या आत माठाच्या आकाराचा खड्डा करून त्यात पुन्हा पुरायची, पाटी लावायची, नोंदवहीत लिहायचं. आणि एक नियम ताईनं पहिल्याच दिवशी तिघांना पाठ म्हणायला लावला होता. अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत हलवायची. त्यानंतर आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. अंडं जरा कललं की सुटतो आणि संपतो. एक दिवस उलटला की अंड्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका येतो. ठिपका दिसला की हलवायचं नाही. आहे तिथंच सोडायचं, नोंद करायची, आणि लगेच मला कळवायचं, ती म्हणाली होती, मग मी बघेन काय करायचं ते. शिवाय तिचा आणखी एक रिवाज होता, पिल्लं आपण होऊन वर आली नाहीत तर ज्यानं पुरलं त्यानंच साठ दिवसांनी उघडायचं. हाताला खोली लक्षात राहते, म्हणायची.

सतराव्या दिवशी त्याचा एकोणसाठावा वाढदिवस होता. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण अर्जावर तारीख होती आणि चष्मेवालीला असल्या गोष्टी बरोबर सापडतात. निघतानाच तिनं दात घासता घासता हात हलवला, "काका, हॅपी बर्थडे! मुलगा फोन करणार असेल ना आज?" "करेल की," तो म्हणाला. त्या किनाऱ्यावर फोन एकाच ठिकाणी लागायचा, जिथं एक जुनी फुटकी होडी पालथी पडली होती, त्या उंचवट्यावर. तिथून पुढे काळ्या खडकांपलीकडचा शेवटचा टप्पा, दीड किलोमीटरचा. तो होडीजवळ पोचला तेव्हा सहा पस्तीस झाले होते. मुलाच्या तिकडे आता जेवणं उरकली असतील. पाच मिनिटं थांबावं म्हणून तो थांबला. फोन हातात धरला, मग होडीच्या पाठीवर ठेवला, मग आवाज वाऱ्यात ऐकू येणार नाही म्हणून पुन्हा हातात घेतला. आला तर काय बोलायचं, हे त्यानं या खेपेला नीट ठरवून ठेवलं होतं. थंडीचं विचारायचं नाही. कासवांचं सांगायचं, माठासारख्या खड्ड्याचं, टोपीचं, आणि मग तुझी आई असती तर किती हसली असती, असं म्हणायचं. ऊन वर आलं. भरती चढायला लागली. फोनच्या पडद्यावर वेळ तेवढी बदलत होती. सात वीस झाले तेव्हा त्यानं फोन खिशात टाकला. शेवटच्या टप्प्याकडे तोंड करण्याऐवजी तो परत फिरला. वहीत त्या टप्प्यापुढे त्यानं लिहिलं, निरंक. एकतीस वर्षांत न पाहता मारलेला हा त्याचा पहिला शिक्का. आणि न्याहारीला चष्मेवालीनं विचारलं, "आला फोन?" तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आला की! चांगले पाऊण तास बोलत होतो. सोडेचना." दोघं पोरं हसली, ताईपण हसली, आणि तोही हसला.

दुसऱ्या दिवशी तो काळ्या खडकांपलीकडे गेला. पट्टा होता. पण त्याच्या कडा वाऱ्यानं ढासळल्या होत्या, खेकड्यांची पावलं त्याच्यावरून आडवी गेली होती. हा कालचा, म्हणजे परवा रात्रीचा होता. वाढदिवसाच्या सकाळी तो इथं ताजा असणार, दुरूनसुद्धा दिसला असता. त्यानं उकरलं. अंड्यांच्या माथ्यावर पांढरे ठिपके होते, शर्टाच्या बटणाएवढे, एकसारखे. तो गुडघ्यांवर बसून बघत राहिला. जागा मोठ्या भरतीच्या रेषेच्या खालची. आठ दिवसांत पुनवेची भरती आली की सगळं पाण्याखाली जाणार, तेव्हा इथं ठेवूनही मरणारच, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि कळवायचं म्हटलं तर कालचं निरंक उघडं पडणार, मग काल होडीजवळ इतका वेळ काय करत होतात, आणि फोनवर खरंच बोलत होतात का, इथपर्यंत सगळं उसवत येणार. एकशेअठरा अंडी त्यानं उचलली. एकही कलू दिलं नाही, असं त्याला वाटलं. बादली छातीशी धरून तो पाच किलोमीटर असा चालला की हातांना मुंग्या आल्या. वहीत लिहिलं: रात्रीचं. ताईनं ते पाहिलं आणि पोरांना म्हणाली, "शिका जरा काकांकडून. शेवटच्या टोकावरून एकट्यानं आणलंय." त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. पुढचे बेचाळीस दिवस तो सकाळ-संध्याकाळ सतरा नंबरच्या पाटीपाशी बसून वाळूचं तापमान घ्यायचा. कदाचित ठिपक्याचं खरं नसेल. कदाचित निम्मी जगतील. पाच जगली तरी चालतील. चष्मेवाली त्याला 'काकांचं लेकरू' म्हणायची. "लेकरू काय म्हणतंय, काका?" निघायच्या दिवशी ताईनं त्याच्या पिशवीचा बंद धरून म्हटलं होतं, "पुढच्या हंगामात तुम्ही नव्या पोरांना शिकवायचं. आत्ताच सांगून ठेवते." बसमध्ये त्याला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागोमाग एकशेअठरा ठिपके आठवत राहिले.

त्याच बसनं तो आता परत किनाऱ्याकडे निघाला होता. खिडकीशी बसून तो स्वतःशी वाद घालत होता. न जाताही चाललं असतं. ताप आलाय म्हणून कळवलं असतं. पण मग दुसऱ्या कुणीतरी उघडलं असतं, आणि तिथं काय निघालं ते त्याला एका ओळीच्या संदेशात वाचावं लागलं असतं. शेजारच्या बाईच्या मांडीवर झोपलेलं मूल मधूनच त्याच्या गुडघ्याला लाथ मारत होतं. तो पाय न हलवता तसाच बसून होता. त्याला कळत होतं की ज्या एका ठिकाणी आपली वाट पाहिली जाते तिथं आपण निघालोय, आणि ते ठिकाण हातचं जाईल की राहील ते आज ठरणार आहे. काही निघालं नाही आणि गप्प बसलं तर राहील. घरटी वाया जातात, दर हंगामात दोन-तीन जातातच. कुणी कुणाला विचारत नाही. नुसतं मूग गिळून बसायचं, चहा प्यायचा आणि सहाची बस पकडायची.

"आलात!" चष्मेवाली कुंपणाच्या आतूनच ओरडली. "आणि टोपी नाहीच!" ताईनं त्याला रबरी हातमोजे दिले. उमेदवारी संपल्यावर उंच मुलगा घरी गेला होता, चष्मेवाली मागे राहिली होती, तिघंच होती. तो पोटावर आडवा झाला आणि हात खाली घालत गेला. खोली हाताच्या लक्षात होती, अगदी तंतोतंत. वास आधी आला. मग बोटांना पहिलं अंडं लागलं, आत दबलेलं, थंड. एकेक काढून तो ताईच्या हातात देत होता आणि ती वाळूवर दहा-दहाच्या रांगा लावत होती. चष्मेवाली वहीत रेघा ओढत होती आणि सुरुवातीला बडबड करत होती, मग तीही थांबली. एकशेअठरा. फुटून बाहेर पडलेलं एकही नाही. ताईनं चार-पाच फोडून बघितली. आत पिवळं पाणी, बस. मग तिनं चष्मेवालीला पाणी आणायला पाठवलं आणि एक अंडं उन्हाकडे धरून बराच वेळ बघितलं. "काका, हे बघा. ठिपका एवढाच राहिलाय, वाढलाच नाही. सगळ्यांचा एवढाच. सगळी एकाच वेळी संपलीत, आणल्यावर दिवसभरातच." ती स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली, "तुमच्या हाताचा दोष नाही. मागच्या वर्षीही त्या टोकाचंच एक असं गेलं. तेव्हा योगायोग म्हटलं. अंतरच जास्त आहे, बादलीत पाच किलोमीटर नाही सोसत त्यांना. पुढच्या वर्षीपासून खडकांपलीकडची घरटी हलवायचीच नाहीत. असू देत तिथंच. तसं लिहूनच टाकते अहवालात."

तो उठून बसला. कोपरापर्यंत वाळू चिकटली होती. अहवालात लिहिणार, म्हणजे पुढच्या वर्षी तो ज्यांना शिकवणार ती पोरं खडकांपलीकडे ताजं घरटं बघतील, त्यावर राखणीची जाळी लावतील आणि परत येतील, आणि पुनवेला पाणी चढेल. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या एका शब्दावर, 'रात्रीचं' या एका शब्दावर, हे सगळं उभं राहणार होतं. पाच ग्रॅमसाठी त्यानं एका म्हाताऱ्या दुकानदाराचा तराजू उचलून नेला होता. म्हातारा हात जोडून म्हणत होता, साहेब, एवढ्यानं कुणाचं काय जातंय? त्याचा चेहरा आत्ता अगदी स्पष्ट दिसला. "ताई, ते रात्रीचं नव्हतं," तो म्हणाला. "काय?" "सतरा नंबर. आदल्या रात्रीचं होतं. मी आदल्या दिवशी तिकडे गेलोच नाही, निरंक लिहिलं. दुसऱ्या दिवशी उकरलं तेव्हा ठिपके आले होते. मी बघितले होते. तरी उचललं."

ताईनं हातमोजे काढले. एक काढला, मग दुसरा काढला, ते एकात एक घातले. "साठ दिवस," ती म्हणाली. "हो." "रोज तापमान घेत होतात." "हो." "आणि मी पोरांना तुमची वही दाखवत होते, अशी ठेवायची म्हणून." ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज वर गेलाच नाही. "चूक कुणाचीही होते, काका. मला एक हाक मारायची होती. पुनव आठ दिवसांवर होती, काहीतरी केलं असतं. वाळूचा बांध घातला असता. आता मला तुम्हाला पुढच्या वर्षी नाही घेता येणार." "माहीत आहे," तो म्हणाला. खरंच माहीत होतं.

तिनं वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि साठ दिवसांपूर्वीची दोन पानं काढून दिली. "खोडायचं नाही. आडवी रेघ मारा, खाली खरं ते लिहा." त्यानं रेघ मारली. घरटं आदल्या रात्रीचं, ठिपके दिसत असूनही हलवलं, असं लिहिलं. निरंकवर रेघ मारली आणि लिहिलं, टप्पा पाहिला नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा त्याला राग आला. "कारण राहिलं," ताई म्हणाली. "फेरी अपुरी का राहिली त्याचा रकाना आहे." मग तिलाच काहीतरी आठवलं आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "तुमचा वाढदिवस होता ना हो तो. मुलाचा फोन आला होता, पाऊण तास बोललात म्हणे. लिहा की तसं, मुलाशी फोनवर बोलत होतो. त्यात काही लाज नाही." चष्मेवाली पाण्याचा तांब्या घेऊन कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. काही बिनसलंय हे ओळखून ती आत येत नव्हती. लिहायला काय हरकत होती? या शब्दांनी कुठलं घरटं बुडणार नव्हतं, कुठलं माप चुकणार नव्हतं. घरटं मारल्याचं त्यानं एका दमात सांगून टाकलं होतं, आणि हे चार शब्द मात्र पेनातून उतरेनात, आणि त्यांच्या जागी खरे होते ते तर त्याहून उतरेनात. मुलगा चांगला होता. तीन दिवसांनी त्यानं केकचं चित्र पाठवलं होतं, सॉरी बाबा, कामात पार विसरलो. त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं लिहिलं, 'मुलाच्या फोनची वाट पाहत थांबलो.' मग त्याच ओळीत पुढे लिहिलं, 'आला नाही.' आणि एवढं लिहिल्यावर त्याला रडू कोसळलं, वाळूच्या हातांनी तोंड झाकताही येईना.

ताईनं उलट्या बाजूनं वाचलं. मग तिनं ओळीच्या शेवटी बोट ठेवलं, तिथं वेळेचे दोन छोटे रकाने होते. त्यानं डोळे बाहीला पुसले आणि 'पासून'च्या खाली लिहिलं, सहा पस्तीस. 'पर्यंत'च्या खाली त्याला सात वीस लिहायचं होतं. तेच खरं होतं, घड्याळ बघूनच तो निघाला होता. पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. न्याहारीच्या वेळी फोन ताटाशेजारी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ठिपके बघताना तो खिशात होता. परवा न्हाव्याच्या खुर्चीत चादरीखाली तो थरथरला, तेव्हाही आधी मनात कोण आलं होतं? पाच ग्रॅम इकडचे तिकडे होऊ न देणारा तो माणूस रकान्याकडे बघत बसला आणि शेवटी त्यानं पेनाला टोपण लावलं. एरवी ताईला अर्धवट रकाना मुळीच चालत नसे. तिनं वही ओढून घेतली, एकदा वाचली, आणि त्या कोऱ्या जागेशेजारी तपासलं म्हणून आपली सही केली.